शेवटच्या रांगेतला ग्रीस

नलू गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात बहिणीकडे होते, त्यामुळे तिचं शेवटचं दर्शन झालं नाही. भोपाळला परतल्यावर इंद्रपुरीत तिच्या घरी गेले. तिच्या मुलानं, मिलिंदनं, दार उघडलं. हॉलमध्ये हार घातलेला फोटो होता, इंदूरला भाचीच्या लग्नात काढलेला. मी हात जोडले आणि ते तसेच राहिले... फोटोत तिच्या गळ्यात, चांदीत बसवलेला, माझा अंबराचा खडा होता. ईशा, निनाद, म्हणजे तुमचा अंबर. कडेचा उडालेला टवका तोच आणि आत अडकलेली मुंगीही तीच.

तुम्ही लहान होतात, म्हणून सांगते. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर वाळूत तो मधाच्या रंगाचा खडा तुम्हाला सापडला आणि तुमच्या आईनं मला, तुमच्या आजीला, भोपाळला पाठवला. नलू तेव्हा कॉलेजात इतिहास शिकवायची, मी शाळेत इंग्रजी. दर गुरुवारी ती माझ्याकडे चहाला यायची. खडा पाहून ती खुर्चीतून उठलीच. म्हणाली, "अगं, हा दगड नाही, झाडाचा चीक आहे, गोठलेला!" मग तिनं माझ्या काचेच्या भांड्यात पाणी घेऊन मूठ मूठ मीठ कालवलं आणि खडा टाकला. खरा अंबर मिठाच्या पाण्यात तरंगतो म्हणे. तो तरंगला, आणि प्राध्यापकबाई माझ्या स्वयंपाकघरात टाळ्या वाजवत होत्या. मीठ सांडलं म्हणून मी ओटा पुसायला लागले, तर म्हणाली, "तुम्ही पुणेकर! जग तरंगतंय आणि तुला ओट्याची काळजी."

तिनंच मला सांगितलं की उत्तरेच्या थंड समुद्रातला हा अंबर साडेतीन हजार वर्षांपूर्वी थेट ग्रीसपर्यंत पोचला होता. तिथल्या राजांच्या थडग्यांत त्याचे मणी सापडले आहेत. ना रस्ते, ना एक भाषा. एका माणसानं तो सगळा प्रवास केला असेल असंही नाही. एका गावानं दुसऱ्या गावाला दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. मी विचारायची, "दिलाच असेल कशावरून? हिसकावला असेल, चोरला असेल." ती हसायची. "थडगं एवढंच सांगतं की पोचला. कसा पोचला, ते आपण आपल्या स्वभावाप्रमाणे ठरवायचं." हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

टी. टी. नगरजवळच्या हॉलमध्ये मराठी मंडळींपुढे तिनं यावर व्याख्यान दिलं. कल्पना तिचीच होती. माझा अंबर पहिल्या रांगेत द्यायचा आणि हातोहात मागे जाऊ द्यायचा, कारण तो तसाच तर गेला होता. व्यासपीठावरून ती म्हणाली, "मी उत्तर समुद्र. आणि त्या शेवटच्या रांगेत बसल्यात ना आमच्या सुधाबाई, तो ग्रीस." सगळे वळून हसले. मी ओंजळ करून बसले होते. तिसऱ्या रांगेपर्यंत तो लोकांनी पाहिला, वास घेतला, उजेडात धरला. तेवढ्यात चहा आला, माणसं उठली, खुर्च्या सरकल्या... आणि अंबर काही ग्रीसला पोचला नाही. शोधायला सगळ्यांच्या आधी खाली वाकली ती नलूच. साडीला धूळ लागली तरी खुर्च्यांखाली हात घालत होती. रिक्षात मी रडले तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "जाऊ दे गं. तिसऱ्या रांगेतली ती नवीन मंडळी कोण होती, कुणास ठाऊक. माणसं अशीच असतात." मी त्या कार्यक्रमांना जाणं सोडलं. ती जात राहिली, आणि गुरुवारी माझ्याकडे येऊन कोण काय म्हणालं ते रंगवून सांगत राहिली. तिचा गळा तेव्हा रिकामा असायचा.

मिलिंदनं माझी नजर पाहिली. "तो ना, मावशी? तुम्हीच दिलेला. आई सगळ्यांना सांगायची, माझ्या सुधानं दिलाय." त्याची बायको रचना पाणी घेऊन आली. "मम्मींनी बोलून ठेवलं होतं, आंटी, की हा काढायचा नाही. तसाच राहू दिला."

"म्हणजे?"

"विश्रामघाटावर, चितेवर," मिलिंद म्हणाला. "बाकी सगळं काढलं, हा नाही. धुपासारखा वास आला होता, मावशी."

अंबर जळतो, हेही मला नलूनंच शिकवलं होतं. ग्रीसमध्ये मातीत तो हजारो वर्षं टिकला, इथं तिच्याबरोबर घटकाभरात संपला. मी पाणी प्यायले. मुलाला काही सांगितलं नाही. त्याच्यापाशी त्याची आई तेवढी राहू दे.

रागावू कुणावर? खडा गेला याचं इतकं नाही. मागितला असता तर मी तिला दिला असता, आणि हे तिला माहीत होतं. तरी तिनं माझ्या डोळ्यांदेखत खुर्च्यांखाली शोधलं, माझे डोळे पुसले. त्यानंतरचे सगळे गुरुवार मला आता एकेक करून परत पाहावे लागतात. ती हसताना काय लपवत होती, ते शोधत. पुन्हा किनाऱ्यावर गेलात आणि दुसरा सापडला, तर मला पाठवू नका.

काल गुरुवार होता. चारच्या सुमारास ते काचेचं भांडं काढलं, पाणी ओतलं, मूठ मूठ मीठ टाकलं. ओट्यावर सांडलं, ते पुसलं नाही. मीठ विरघळेपर्यंत ढवळत राहिले... मग लक्षात आलं, त्यात टाकायला माझ्याकडे काहीच नाही.