कोबेतल्या पणजोबांची कबर

जपानमधल्या २०११च्या भूकंपानंतर आमच्या कोबेच्या ऑफिसातले जपानी लोक रोज कामावर येत राहिले आणि मी बायको-मुलीला घेऊन तीन आठवडे मुंबईला पळालो. कोबेला धक्काही नीट जाणवला नव्हता. परत आल्यावर मला कोणी काही बोललं नाही. ते न बोलणं चुकवायला मी रविवारी डोंगरावरच्या परदेशी लोकांच्या दफनभूमीत जाऊन बसायचो.

तिथे सत्तरीचे एक जपानी गृहस्थ गुडघ्यांखाली वर्तमानपत्र घेऊन एक कबर टूथब्रशने घासत असत. कोबेचं बंदर नवीन असताना इथे येऊन राहिलेल्या एका इंग्रजाची ती कबर होती. "माझे पणजोबा," ते म्हणायचे.

एकदा त्यांनी विचारलं, "तुम्ही इंडियाचे ना? मग इंग्रजी येत असेल." त्यांनी पणजोबांच्या घराण्याची चौकशी केली होती, तिचं इंग्लंडमधल्या चर्चकडून उत्तर आलं होतं. "तिघांना दाखवलं. तिघंही म्हणाले, अक्षर लागत नाही."

पत्र टाइप केलेलं होतं. हा माणूस लग्न न करता, मूलबाळ नसताना वारला, असं त्यात होतं. आणि तेही या गृहस्थांनी चौकशीत कळवलेल्या आजीच्या जन्मसालाआधी सहा वर्षं.

अक्षर लागत नाही, असं मलाही म्हणता आलं असतं. पण माझं एकदा पळून झालं होतं. मी सगळं वाचून सांगितलं.

"म्हणजे यांना कोणीच नाही," ते म्हणाले. मग उठून त्यांनी कोट सारखा केला, खिशातून आपलं व्हिजिटिंग कार्ड काढून दोन्ही हातांनी कबरीपुढे ठेवलं आणि कमरेत वाकून, नव्यानेच भेटलेल्या माणसाला सांगावं तसं, स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं.