पांढऱ्या झाडांतून आलेली अक्षरं

अलमास शेख शिरूर कासारजवळच्या एका गावात सातवी-आठवीच्या मुलांना संगणक शिकवायची. बीडच्या जमील मेकॅनिकची ही लेक. शाळेतले नऊ बंद संगणक तिनं स्वतः खोलून, साफ करून चालू केले होते. पण दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जायचं आणि सातवीत जेमतेम बारा पोरं उरायची.

म्हणून त्या वर्षी तिनं पोरांना इंटरनेटवर वर्गाची एक वही करून दिली. कुठूनही आपलं नाव टाकून उघडायची, लिहायचं. लिहिणाऱ्याचं नाव शेजारी दिसायचं आणि अक्षरं त्याच क्षणी सगळ्यांच्या पडद्यावर उमटायची.

डिसेंबरातली दुपार. पोरं जेवायला गेलेली, वही समोर उघडीच होती. अचानक पडद्यावर नाव आलं, मंजुषा. मग एकेक अक्षर, मधे बराच वेळ थांबत, उमटत गेलं. ‘मी आले.’

अलमासला इतका आनंद झाला! मंजुषा ही वर्गातली सगळ्यात तरतरीत पोरगी. तिनं घाईनं लिहिलं, ‘कुठं आहेस गं? बरी आहेस ना?’

‘सगळं पांढरं हाय. झाडं पांढरी हायत.’

आणि नाव गेलं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला नाव पुन्हा आलं, पुन्हा तीच तीन वाक्यं. तिसऱ्या दिवशीही तेच. अलमास काहीही विचारो, उत्तर तेच, त्याच क्रमानं. सहाव्या दिवशी शाळा सुटल्यावर ती मंजुषाच्या आजीकडं गेली.

सुंदरबाई उंबऱ्यात तूर पाखडत होती. “फोन? त्यो तर हितंच हाय, फडताळात,” ती म्हणाली. “अन् ती कावून लिवील, म्याडम? पोरगी अंथरुणाला खिळलीय. चार दिस झाले ताप उतरंना, हात सुदिक उचलंना, असा तिच्या बापाचा, धोंडीरामाचा निरोप आलाय.”

त्याच दुपारी एक वाजता अलमासनं ते नाव पडद्यावर पाहिलं होतं.

“कोणत्या कारखान्यावर आहेत?”

“ऊस न्हाईच धरला औंदा. ईटभट्टीवर गेलेत. कुठली, मला कुठं ठाव.”

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा जमीलभाई हात पुसता पुसता थांबले. “पांढरी झाडं? परळीकडं वीजकेंद्राची राख भट्ट्यांवर नेणाऱ्या गाड्या धावतात, तिथली झाडं तशीच दिसतात, बेटा. चल, उद्या रविवारच हाय.”

तिथं खरंच सगळं पांढरं होतं. बाभळी, कौलं, माणसांच्या पापण्या. तिसऱ्या भट्टीवर धोंडीराम सापडला. खोपीत मंजुषा निपचित पडली होती. डोळे उघडे होते, पण ती कुणाला ओळखेना. तिला जमीलभाईंच्या गाडीत घातलं आणि थेट अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. पोरगी वाचली. धोंडीरामानं मान खाली घालून तिला आजीकडं ठेवायचं कबूल केलं.

जानेवारीत मंजुषा वर्गात आली. वाळलेली, गळ्यापर्यंत शाल गुंडाळलेली. दुपारी खोलीत दोघीच होत्या. अलमासनं विचारलं, “तू रोज लिहायचीस ना?”

“न्हाई. भट्टीचा मुनीम जेवायला गेला की त्याच्या संगणकावर दोनदा लिहिलं. मग तापच आला.”

अलमास काही बोलणार, तेवढ्यात पडद्यावर नाव उमटलं. मंजुषा. खरी मंजुषा शेजारी बसलेली, दोन्ही हात शालीत. आणि समोर अक्षरं चालत होती. ‘मी आले.’

अलमासनं लिहिलं, ‘तू कोण?’

पलीकडून एकेक अक्षर आलं, ‘मंजुषा.’

पोरगी पडद्याकडं बघत राहिली. हळूच म्हणाली, “वनमाला हाय ती. मुनिमाच्या खोलीचं झाडायचं काम तिच्याकडं. ती कधी शाळेतच गेली न्हाई. मी लिहिताना शेजारी उभी राहिली, म्हणून दुसऱ्या दिवशी तिला त्याच तीन ओळी अन् माझं नाव कळा दाखवून शिकवलं. तिचं नाव शिकवायचं राहिलं.”

अलमासनं सुटी सुटी चार अक्षरं लिहिली. व. न. मा. ला. खाली लिहिलं, ‘हे तुझं नाव.’ मग आठवलं की तिला हे वाचताच येणार नाही.

तरी पलीकडून कुणीतरी पडद्यावरच्या आकाराची कळ शोधत होतं. कितीतरी वेळानं ‘व’ उमटला. मग नाव एकदम गेलं, कुणी मागून हात ओढावा तसं.

त्या रविवारी अलमास अब्बांबरोबर परत परळीला गेली. भट्टी विझली होती. खोपी मोडून नेलेल्या, मुनिमाच्या खोलीला कुलूप. चहाच्या टपरीवाल्याला विचारलं, तर माणसं आंध्राकडं गेली असं तो म्हणाला. वनमाला नावाची पोरगी त्याला आठवत नव्हती. खिडकीतून आत डोकावलं, तर टेबल रिकामं होतं. जमिनीवर राख साचली होती आणि तिच्यात लहान पावलांचे ठसे टेबलापर्यंत गेले होते.