ब्रेख्ताबाईचा खोकला

हार्लेम गावात खारवलेली मासळी विकणाऱ्या बायका पुष्कळ, पण तराजूला अंगठा न लावणारी ब्रेख्ताबाई एकटीच. दिवसभराच्या या प्रामाणिकपणाची भरपाई ती संध्याकाळी ‘निळा बगळा’ गुत्त्यात पत्त्यांवर करून घेई. नवरा समुद्राने नेल्यापासून तिला जीव रमवायला दुसरं काही नव्हतंच. हरणाऱ्याने बिअर पाजायची, आणि हरायचा बहुतेक सिब्रांड. पिंपं बांधणारा हा देवभोळा विधुर “आपलं नशीबच फुटकं” म्हणत मुकाट्याने पाजत राही.

मग चित्रकार लांबर्टला दुर्बुद्धी सुचली. गुत्त्यातल्या लबाडांची टवाळी करणारी चित्रं आमच्याकडे हातोहात खपतात. पाहणारा स्वतःला सोडून सगळ्यांना हसतो. लांबर्टने पत्त्यांचा डाव रंगवला, त्यातल्या ठकसेन म्हातारीला ब्रेख्ताबाईचं नाक दिलं आणि तिच्या कमरपट्ट्यात मागून बदामचा एक्का खोचला. चित्र शेकोटीवर टांगलं गेलं. गुत्ता खदखदून हसला.

ब्रेख्ताबाईही हसली असती तर झाकली मूठ तशीच राहिली असती. पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“मेल्या, एक्का असा खोचतात? आंधळ्यालासुद्धा दिसेल!”

“दिसायलाच हवा, मावशी,” लांबर्ट म्हणाला. “नाही दिसला तर लोक हसणार कशाला?”

“माझी अब्रू घालवलीस! इतकी वर्षं खेळतेय, एक पत्ता कुणाच्या नजरेला पडू दिला नाही. बाहीच्या दुमडीत ठेवायचा. मग खोकायचं, तोंडावर हात न्यायचा, आणि हात खाली आला की... हे बघ!”

ती खोकली. हातात बदामचा एक्का होता.

सिब्रांड हळूच म्हणाला, “तुझ्या खोकल्यासाठी मी दर हिवाळ्यात मध आणत होतो, ब्रेख्ता.” आणि टोपी घालून निघून गेला.

त्यानंतर तिच्यासमोर कुणी बसेना. ती त्या चित्राखाली एकटीच पत्ते पिसत बसे. डाव गेला याचं दुःख होतंच, पण त्या मधाची तिला मनापासून लाज वाटत होती.

एका संध्याकाळी सिब्रांड येऊन समोर बसला.

“बाह्या वर कर. आणि खोकायचं नाही.”

तिने कोपरापर्यंत बाह्या वर केल्या. डाव सुरू झाला, तोही निव्वळ नशिबाचा. सिब्रांड सारखी मान वर करून तिच्या डोक्यावरच्या चित्राकडे बघत होता, धडा विसरलेल्या पोरासारखा. मागे बसलेल्या सगळ्यांना त्याची पाठ दिसत होती. कमरपट्ट्यातून अर्धा पत्ता बाहेर डोकावत होता. गुत्तेवालीने तोंडात एप्रनचा कोपरा कोंबला.

“हा घे!” सिब्रांडने टेबलावर बदामचा एक्का आपटला. “जिंकलो!”

कुठल्या जुन्या गड्डीतून आणला होता कोण जाणे. कारण या गड्डीतला बदामचा एक्का ब्रेख्ताबाईच्याच हातात होता.

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतका आनंद तिने त्याला कधी मिळूच दिला नव्हता.

ब्रेख्ताबाईला खोकल्याची मोठी उबळ आली. तोंडावर गेलेला हात खाली आला तेव्हा एक्का तिच्या गळ्यातल्या रुमालात गडप झाला होता.

“हरले बाबा. पाजते.”

विजयाच्या भरात सिब्रांड आपलीच अट विसरला.

“फार खोकतेस गं,” तो म्हणाला. “उद्या मध आणतो.”