पिन उभी पाहिजे

शेलूबाजारच्या टापूत माझ्या आतेबहिणीच्या यजमानांइतका रागीट माणूस दुसरा नसेल, आणि आपल्या रागाचं कारण इतकं नेमकं सांगणाराही नसेल. भाऊजी गावच्या पाणीयोजनेवर पंप चालवत. पाइपच्या दोन फ्लँजांमध्ये, म्हणजे टोकांच्या बोल्ट लावायच्या कड्यांमध्ये, एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे फिरू न देणारा व्हॉल्व्ह, कुणी चुकीचा बसवला की त्यांना जेवण जात नसे. वेफर जातीचा चपटा व्हॉल्व्ह असेल तर आधी खालचे लांब बोल्ट ओवायचे, त्या पाळण्यात व्हॉल्व्ह ठेवायचा, मग वरचे बोल्ट, आणि समोरासमोरचे थोडेथोडे आवळत जायचं. हा क्रम मोडणाऱ्या एका फिटरचा पाना त्यांनी विहिरीत टाकला. नंतर स्वतःच उतरून काढला, कारण पाना योजनेचा निघाला.

माणसंही ते व्हॉल्व्हवरून ओळखत. स्वतःचे फ्लँज असलेला दोन्हीकडे आपल्या बोल्टांवर उभा. लग जातीच्याला आटे पाडलेले कान, एका बाजूचा पाइप काढला तरी तो दुसऱ्या बाजूला धरून राहतो. वेफर दोघांनी दाबला तरच जागेवर. "तू वेफर हायेस बावा," ते मला म्हणत. "इकून संपादक, तिकून बायको. सोताचे कानच नाईत तुले."

"अन् तुमी?" ताई विचारायची.

"मी फ्लँजवाला."

नव्या योजनेच्या उद्घाटनाला पाहुणे मांडवात येऊन बसले होते. भाऊजी पंपघरात डोकावले आणि स्टार्टरचे फ्यूज काढून त्यांनी खिशात घातले. ठेकेदाराचा इंजिनिअर धावत आला. "काका, व्हॉल्व्हवरचा बाण टाकीकडेच आहे."

"बाण बराबर हाय. दोन झडपा जिच्यावर फिरतेत, ती पिन काहून आडवी निजवली? आडव्या पाइपात पिन उभी पाह्यजे. वरची झडप आपल्या वजनानं उघडीच राह्यते. पंप बंद केला का टेकडीवरचं पाणी माघारी येईन अन् पंप फोडीन."

"कार्यक्रम होऊ द्या, मग फिरवू."

"मंग गावानं काय तुये हार प्यायचे काय?"

पाहुणे दोन तास थांबले. व्हॉल्व्ह फिरवला गेला. पंप चालला, बंद झाला, तेव्हा फक्त झडपा मिटल्याचा 'टक' असा बारीक आवाज आला.

महिन्याभरात स्वयंचलित स्टार्टर बसला आणि भाऊजींना घरी बसवण्यात आलं. चिठ्ठीवर सही मांडवातल्याच एकाची होती. पंप कुणामुळे शाबूत राहिला, याचा तीत उल्लेख नव्हता. उद्घाटनाच्या माझ्या बातमीतही नव्हता. तीत पाहुण्यांची नावं होती.

परवा सकाळी गेलो तेव्हा ते अंगणात चहा घेत होते. लांबून टक ऐकू आलं. त्यांनी मान वर केली.

"भाऊजी, भांडायला हवं होतं," मी म्हणालो.

"एका बाजूचा पाइप काढला अन् मी खाली पडलो. मले वाटे आपण फ्लँजवाले."

ताईला सारा क्रम पंचवीस वर्षांपासून पाठ आहे. तिनं मुद्दाम विचारलं, "काहो, वेफरले वरचे बोल्ट आधी टाकतेत ना?"

आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत राहिलो.

"खालचे आधी," ते हळूच म्हणाले, आणि रिकामी कपबशी त्यांनी तिच्या हातात दिली.