पेरूतली साखर आणि काकांचे पेढे

मंडळी, कोप्पीकर रोडवरच्या सायबर कॅफेत बसून लिहितेय. घरी तोंड उघडलं असतं तर महाभारत झालं असतं.

माझ्या अप्पांना शुगर आहे. डॉक्टरांनी गोडधोड बंद केलंय, पण पेरू बेताने खायला हरकत नाही म्हणालेत. आज दुपारी आईने त्यांना अर्धा पेरू तिखटमीठ लावून दिला. तेवढ्यात धारवाडहून अप्पांचे थोरले भाऊ, आमचे अण्णाकाका आले. ताटली बघून आईवर असे खेकसले, जणू तिने विषच वाढलंय!

"सुमन, शिकलेली ना तू? फळात साखर असते!"

ताटली स्वतः उचलून आत नेऊन ठेवली. मोठ्या दिरांपुढे आई आजवर कधी बोललेली नाही.

मग काकांनी पिशवीतून पेढे काढले. नातवाला इंजिनिअरिंगची सीट मिळाली होती. अप्पा नको म्हणाले तर हसून म्हणतात, "एनू आगंगिल्ल! काही होत नाही रे. देवापुढे ठेवून आणलेत, प्रसादाला नाही म्हणतात का?"

अप्पांनी दोन पेढे खाल्ले. दुसराही काकांनीच भरवला.

निघताना चपला घालत आईला बजावलं, "त्याची शुगर वाढली तर जबाबदारी तुझी हं."

डोकं सणकलंय माझं! खरं सांगा, तुमच्याकडेही साखर फक्त बाईने दिलेल्या ताटलीतच दिसते का?