मोरणी नाचत नव्हती

निमोण्याच्या अनसाबाईंना भांडखोर म्हणणारी माणसं मांडवगण फराट्यात अजून आहेत. त्यांनी ऐकावं म्हणून हे सांगतो. मी तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारा, होतो आणि यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

अनसाबाई धनगराच्या. लग्न झाल्यापासून पंचवीस वर्षं त्या मेंढरांमागं चालल्या. दिवाळी झाली की कोकणात उतरायचं, पावसाच्या आत परतायचं. मेंढरं नवऱ्याची, म्हस्कूची, घोडी बाईंची. बिऱ्हाड लादणं, उतरवणं, घोड्यांचं दुखणंखुपणं, हे त्यांच्यात बायकाच बघतात. मुक्कामाला पोचलं की पुढच्या पायांना सैल पायबंद घालून घोडी चरायला सोडायची. ती चार घास खात, चार पावलं पुढे सरकत. छप्पर त्यांना ठाऊक नव्हतं आणि आजारही फारसा ठाऊक नव्हता. पुढे चरायची रानं उसाखाली गेली, मेंढरं विकली, म्हस्कूने निमोण्याच्या माळावर घर बांधलं. एक म्हातारी तांबडी घोडी तेवढी ठेवली, आणि बाई दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जाऊ लागल्या.

सत्त्याण्णव साली मांडवगणच्या सावळाराम आबांच्या मुलाने, इंद्रजीतने, खानदेशातल्या बाजारातून एक मारवाडी घोडी आणली. काळीभोर, कपाळावर पांढरा टिळा. नाव ठेवलं मोरणी. तिच्यासाठी बंगल्याशेजारी पागा बांधली. भिंतीला टाईल्स, खाली फरशी, वर पंखा, लोखंडी ग्रिल. पुढून दोन दोर, मागून दोन दोर. सकाळ-संध्याकाळ चंदी म्हणजे भिजवलेले हरभरे, गूळ, तूप, वर अंडी. पंचक्रोशीतली माणसं पागा बघायला यायची आणि म्हणायची, घोडीनं नशीब काढलं. वरात असेल तेव्हा ती हलगीवर नाचायला बाहेर यायची. बाकी महिनोन्महिने त्याच फरशीवर.

एकदा अनसाबाई आबांच्या उसात खुरपत होत्या. जेवणाच्या सुट्टीत पाणी प्यायला बंगल्याकडे आल्या, तेव्हा इंद्रजीत पाहुण्यांना पागा दाखवत होता. मोरणी या पायावरून त्या पायावर डुलत होती. मान डावीकडे, मान उजवीकडे, सारखी, न थांबता.

इंद्रजीत कौतुकाने सांगत होता, की हलगी नसतानाही ती आपली आपण नाचते, जातिवंतच आहे. पाहुणे हसले. मीही तिथंच होतो, गाईंना लस टोचायला आलेलो. मीही हसलो.

अनसाबाईंनी तांब्या खाली ठेवला. "दादा, ती नाचत न्हाई," त्या म्हणाल्या. "ती चालतीया. जागा न्हाई म्हून उभ्या जागी चालतीया."

पाहुण्यांपुढे मजूर बाईने बोलावं हे इंद्रजीतला झोंबलं. तो म्हणाला, "मावशी, तुमच्या ओझ्याच्या तट्टांत आन् हिच्यात फरक हाय. खुरपं घ्या आन् रानात जा."

बाईंनी खुरपं घेतलं ते थेट निमोण्याची वाट धरली. त्या शेतात पुन्हा पाऊल टाकलं नाही. वाटेत त्यांना गाठून मी समजूत काढायला गेलो, तर माझ्यावरच उखडल्या. "तुम्हाला तर कळतंया नव्हं? मंग तोंडात काय धरलं हुतं?" आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच इंद्रजीतला सांगितलं होतं, की चंदी कमी करा, घोडी मोकळी सोडा. ते मला माहीत होतं. आबांच्या दारचा चहा पिऊन मी गप्प राहिलो होतो.

पुढच्या उन्हाळ्यात मोरणीचे पाय गेले. खुरं आतून तापली, टेकवेनात. पुढचे पाय लांब टाकून ती मागच्यांवर भार घेऊन उभी राहायची आणि घामाने निथळायची. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि बजावलं, चंदी बंद, फरशी बंद, मऊ माती हवी. इंद्रजीतने काय केलं? फरशीवर गालिचा टाकला.

शेवटी सावळाराम आबा स्वतः निमोण्याला गेले. घोडी घेऊन जा म्हणाले. बाईंनी त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि सुनावलं, "आबा, तुमच्या शबुदासाठी न्हाई, त्या मुक्या जिवासाठी नेते."

टेम्पोतून मोरणी माळावर आली. तिला नुसतं वाळलं गवत, पाणी आणि मऊ मातीचं मोकळं आवार. दोर नाही. तरी अकरा दिवस ती एकाच जागी उभी राहून डुलत राहिली. माळ समोर पसरलेला, आणि तिच्या डोक्यात अजून त्या चार भिंती. ते बघून म्हस्कूसारखा अबोल माणूसही शिव्या देऊ लागला. बाराव्या दिवशी तांबडी चरत लांब गेली, तेव्हा मोरणी थांबत थांबत तिच्या मागे निघाली. त्यानंतर डुलणं कमी होत गेलं. खुरांना नवी वाढ यायला सहा-सात महिने लागले. पौषात मी ती पळताना पाहिली.

तेव्हाच इंद्रजीत न्यायला आला. बाईंनी एकच अट घातली, पागेची मागची भिंत पाडून आवार मोकळं करायचं. आबांसमोर तो हो म्हणाला. महिन्याभराने मी गेलो तर भिंत जागच्या जागी, दोर बांधलेले, हरभऱ्याची पाटी भरलेली. या वेळी मी गप्प बसलो नाही. बाईंना जाऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अनसाबाई पहिल्या एसटीने मांडवगणला आल्या आणि पागेच्या दारात बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी घोडी का डुलते ते सांगितलं. दुपारी पारावरची माणसं येऊन उभी राहिली. आबांनी मान खाली घातली आणि उद्याच भिंत पाडतो असं सगळ्यांदेखत कबूल केलं. त्या शब्दावर बाई उठल्या.

भिंत पडायच्या आधी, पहाटेच, इंद्रजीतने घोडी व्यापाऱ्याला देऊन टाकली. कुठल्या, ते बापालाही सांगितलं नाही. एका बाईचं ऐकण्यापेक्षा त्याला ते सोपं वाटलं. पुढे पागेत खताच्या गोण्या आल्या, आणि धनगरणीची नजर लागली म्हणून घोडी गेली, असं तोच गावभर सांगत फिरला.

अनसाबाईंनी दोन वर्षं बाजार पालथे घातले. मोरणी सापडली नाही. पण अशाच एका बाजारात भांडगावच्या हौसरावांची गाठ पडली. त्यांच्याकडे वरातीची तीन घोडी होती. त्यांनी बाईंचं बोलणं उभ्याउभ्या ऐकलं आणि घरी जाऊन दावी सोडली. आज त्यांच्या मळ्यात कुंपणाच्या आत घोडी मोकळी फिरतात.

बाई दोन हजार सहा साली गेल्या. माझ्याजवळ म्हणाल्या होत्या, "मी त्या दिशी दारातनं उठायलाच नगं हुतं." त्यांची चूक एवढीच, की आबांनी दिलेल्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला.