नानांनी नापास केलेल्या अकरा गाड्या

१४ मार्च, शनिवार. काम एकच: धुळ्याला जाऊन साडेतीनशे सीसीची एक जुनी मोटारसायकल बघायची, आणि या खेपेला ती घेऊनच परत यायचं.

माझ्या नणंदेचे यजमान जन्माला आले तेच मुळी जुन्या गाड्या नापास करायला. आमच्या साऱ्या गोतावळ्यात आज कोणाच्याही दारात सेकंडहँड गाडी नाही, याचं श्रेय त्यांचं. रेल्वेच्या शेडमध्ये उभी हयात इंजिनं खोललेला माणूस घरचाच आहे, तर त्याला दाखवून घेऊ, असं प्रत्येकाला वाटतं. मग प्रत्येक जण दाखवतो, आणि शेवटी नवी घेतो किंवा बसने फिरतो. नाना (आम्ही सगळे त्यांना नानाच म्हणतो) स्वतः सायकलवर असतात. "सायकलला इंजिन नाही, म्हणून तिला खोटं बोलता येत नाही," असं त्यांचं म्हणणं. माझी नणंद, म्हणजे आमच्या अक्का, यावर एकदा चारचौघांत म्हणाल्या होत्या, "माझ्याआधी नऊ पोरी नापास केल्या यांनी. मी पास झाले, कारण त्या दिवशी पेचकस घरी विसरले होते."

मला गाडी हौसेसाठी नको होती. मी ठिबकची दुरुस्ती करते. जळगावच्या आसपासच्या चाळीसेक केळीच्या बागांचे फिल्टर, व्हॉल्व्ह, नळ्या माझ्याकडे आहेत. नळ्यांची भेंडोळी लादून दहा वर्षं दामटलेल्या स्कूटरचं पायदान फेब्रुवारीत एका बांधावर तुटून पडलं आणि पाठोपाठ मीही पडले. मेकॅनिक म्हणाला, "ताई, आता हिला हार घाला." हलकी गाडी ओझं घेऊन काळ्या मातीत घसरते. साडेतीनशेची मला माहेरपासून चालवता येते, पण नवी घ्यायची ऐपत नव्हती. हातात होते पासष्ट हजार. तिकडे ऊन चढत होतं. पाणी तुटलं की केळी मान टाकते, आणि पिकअप घेऊन फिरणारा दुसरा एक दुरुस्तीवाला माझ्याच गावांतून चकरा मारायला लागला होता. नशिराबादच्या बागायतदाराने तर तोंडावर सांगितलं, "रविवारी सकाळी फिल्टर झाला तर तुम्ही, नाहीतर तो. मग वर्षभराचं काम त्याचंच." त्याचं बघून बाकीचेही गेले असते.

नानांसोबत गाडी बघायला जाणं म्हणजे मुलगी बघायला जाण्यापेक्षा अवघड. पहिला नियम, इंजिन थंडगार हवं. गरम इंजिन कोणाच्याही किकने सुरू होतं. थंड इंजिन खरं काय ते सांगतं. म्हणून ते विकणाऱ्याच्या दारात भल्या सकाळी हजर होतात आणि रामराम करायच्या आधी इंजिनावर तळहात ठेवतात. पाचोऱ्याला एक गृहस्थ तोंडात ब्रश घेऊनच बाहेर आले होते. नाना म्हणाले, "कोमट शे. आत्ताच चालू करून ठेवलेली दिसते." आणि ओट्यावर बसले. इंजिन निवेपर्यंत अडीच तास. तेवढ्यात त्यांनी त्या घरचे पोहे दोनदा खाल्ले, त्यांचा मिक्सर दुरुस्त करून दिला, सुनेला कुकरची शिट्टी का गळते ते समजावलं, आणि मग गाडी नापास केली. त्या माणसाने तरीही आम्हाला कोपऱ्यापर्यंत पोचवलं, मिक्सरच्या उपकारापोटी असेल.

दुसरा नियम लोहचुंबकाचा. ते पायजम्याच्या नाडीच्या तुकड्याला बांधलेलं असतं. टाकीला पोचा पडला की लोक लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारतात. तिथे चुंबक चिकटत नाही. नाना टाकीवरून ते असं फिरवतात, जसा डॉक्टर पोटावरून हात फिरवतो. तिसरा नियम बुटाचा. ते मालकाचा डावा बूट मागतात. भुसावळच्या एका माणसाने मीटरवर अठरा हजार किलोमीटर दाखवले. नानांनी त्याचा बूट उलटसुलट केला. गिअर उचलून उचलून बुटाचं नाक पार झिजलं होतं. "मीटर मागे फिरवता येतं, भाऊ," नाना शांतपणे म्हणाले, "बूट नवा घ्यायचं तुम्ही विसरलात."

आणि सगळ्यात शेवटी पेचकस. हातभर लांब, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर. टोक चालू इंजिनाला, मूठ उजव्या कानाला, डोळे मिटलेले. शेडमध्ये म्हणे साहेब लोकसुद्धा नानांचे डोळे उघडेपर्यंत गप्प उभे राहायचे. पण यंदा पहिल्या तीन परीक्षांत पास झालेल्या गाड्याही इथे गळायला लागल्या. डोळे उघडून ते मान हलवायचे: "आवाज दबेल शे. नको. चाला." दबलेला आवाज, म्हणजे आत काहीतरी लपवलंय. पाच आठवड्यांत अकरा गाड्या झाल्या.

धुळ्याच्या देवपुरातली बारावी. मालक निवृत्त मास्तर. गुडघे गेले म्हणून विकत होते. गाडी चालू करून ठेवू नका, असा नानांनी फोनवर आदल्या दिवशीच दम भरला होता, तरी गेल्या गेल्या तळहात ठेवला. थंड. चुंबक चिकटलं. बूट मास्तरांनी स्वतःच आणून पुढे केला, पेपर तपासायला द्यावा तसा. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. नानांनी पेचकस लावला, डोळे मिटले, आणि मान हलवली.

"आवाज दबेल शे."

मी व्यवहारी बाई आहे. अकरा फिल्टरांतून एकसारखं गढूळ पाणी यायला लागलं, तर मी फिल्टर बदलत बसत नाही, विहीर बघते. मी नानांच्या उजव्या बाजूला गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "नाना, चहा घेता?"

चहाला नानांनी जन्मात उत्तर दिलं नाही असं झालेलं नाही. ते पेचकसाकडे बघत बसून राहिले. मग मी डाव्या बाजूने विचारलं. "घेऊ की," ते म्हणाले.

मास्तर चहा सांगायला आत गेले. इंजिन चालूच होतं. मी डाव्या बाजूलाच उकिडवी बसले आणि म्हटलं, "नाना, आज मला ऐकू द्या. तुम्ही विचारा, मी सांगते."

मला वाटलं, आता उठतील आणि बसस्टँडकडे चालू लागतील. पण त्यांनी पेचकस माझ्या हातात ठेवला.

"टिकटिक शे का ठकठक?"

"टिकटिक."

"वरून का खालून?"

मी टोक खाली नेलं, परत वर आणलं. "वरून. खाली नुसती गुरगुर आहे, एकसारखी."

"रेस वाढवा. आता?"

"टिकटिक बुडाली. आता तर काहीच नाही."

"नीट ऐका, वहिनी. पैसा तुमचा शे."

"नीटच ऐकलं, नाना."

त्यांनी एकदा इंजिनाकडे बघितलं, मग स्वतःच्या रिकाम्या हाताकडे. "टिकटिक टॅपेटची. ती चालते," ते म्हणाले. "मंग घ्या."

हे दोन शब्द त्यांच्या तोंडून आमच्या घरात कोणीही ऐकले नव्हते. मास्तरांनी चौसष्ट हजारांत गाडी दिली आणि हेल्मेट फुकट. कागदांवर सह्या घेऊन मी गाडी जळगावच्या रस्त्याला लावली. मागे नाना, मांडीवर पेचकस. पारोळ्याला थांबलो तेव्हा बशीत चहा ओतता ओतता ते म्हणाले, "अक्काले सांगू नका, वहिनी."

"काय सांगू नको?" मी विचारलं.

ते थोडंसं हसले आणि बशी तोंडाला लावली. नानांच्या घरी पोचल्यावर अक्कांनी दारातूनच विचारलं, "घेतली? आवाज कसा आहे?" मी म्हटलं, "नानांनी पास केला." अक्का आत वळल्या आणि त्यांनी नानांसाठी टीव्ही लावला, नेहमीच्याच मोठ्या आवाजात. टीव्हीचा आवाज त्या घरात एवढा मोठा का असतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नळ्यांची भेंडोळी बांधून मी निघाले आणि नानांच्या फाटकाशी गाडी ढकलत नेली, इंजिन थंड राहावं म्हणून. नाना उभेच होते. त्यांनी आधी तळहात ठेवला, मग पेचकस माझ्या हातात दिला. मी किक मारली, मूठ कानाला लावली, आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन सांगितलं, "टिकटिक, नाना. वरून."

त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. मी पेचकस परत द्यायला गेले, तर त्यांनी हात मागे घेतला. "राहू द्या तुमच्याकडे," ते म्हणाले. "रोज लावा. येऊन सांगत जा."

मी तो भेंडोळ्यात खोचला आणि नशिराबादला गेले. साडेसातला फिल्टर साफ होऊन पाणी सुरू झालं होतं.